होपटन हाऊसहून

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

एडिंबरापासून जवळच, फोर्थच्या खाडीकाठी होपटन हाऊस आहे. रविवारी ते पाहून आले. बाबा, तुम्ही आयुष्यभर बांधकामं पाहिलीत, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते.

आई, हे घर एका आईने बांधायला घेतलं. 1682 साली ग्लॉस्टर नावाचं जहाज बुडालं, त्यात जॉन होप गेले. मुलगा चार्ल्स तेव्हा तान्हा होता. त्याच्यासाठी लेडी मार्गारेटने 1699 मध्ये विल्यम ब्रूस या वास्तुविशारदाच्या हाती काम दिलं. पैसा होता लेडहिल्सच्या शिशाच्या खाणींचा. त्या खाणीत खपलेल्यांची आठवण मला तिथल्या प्रत्येक दालनात येत होती.

ब्रूसचा जिना मी कितीतरी वेळ पाहत उभी होते. घराच्या ऐन मध्यात, अष्टकोनी, उजेड वरून येतो. लाकडात फुलं, फळं, अगदी मटारच्या शेंगासुद्धा कोरल्यात. शेंगेतले दाणे वेगवेगळे दिसतात, बाबा!

पुढे चार्ल्स अर्ल झाला आणि त्याला आणखी भव्य घर हवंसं वाटलं. 1721 पासून विल्यम अ‍ॅडमने पूर्वेची बाजू पार बदलली: उंचच उंच अर्धस्तंभ, दोन्ही बाजूंना कमानदार वळण घेत जाणाऱ्या खांबांच्या रांगा आणि त्यांच्या टोकांना एकेक स्वतंत्र इमारत. काम पुरं व्हायच्या आत, 1748 मध्ये अ‍ॅडम गेला. मग जॉन आणि रॉबर्ट या मुलांनी ते तडीस नेलं. आतली दिवाणखान्यांची सजावट त्यांची. लोक पूर्वेच्या बाजूचेच फोटो काढतात. मला मात्र पश्चिमेची, ब्रूसने केलेली बाजू जास्त आवडली. साधी, मोजकी, कुठेही बडेजाव नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॉर्ड लिनलिथगो 1887 मध्ये याच घरात जन्मला. 1942 च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर 'चले जाव'चा नारा घुमला, दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना पकडलं, तेव्हा व्हाइसरॉय हाच होता. बंगालचा दुष्काळ पडला तोही त्याच्याच कारकिर्दीत. बाबा, तुम्ही मला लहानपणी आगाखान पॅलेसला न्यायचात. गांधीजींना तिथेच ठेवलं होतं आणि अटकेनंतर आठवड्याच्या आत त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथे वारले, हे तुम्हीच समाधीपाशी उभं राहून सांगितलं होतंत. ते सगळं त्या सोनेरी नक्षीच्या छताखाली आठवलं आणि फार राग आला. तरी कारागिरांबद्दलचा आदर तसूभरही कमी झाला नाही.

1974 पासून घर एका ट्रस्टकडे आहे आणि उन्हाळ्यात लोकांना पाहता येतं. तुम्ही मे-जूनमध्ये याच. गच्चीवरून फोर्थवरचे पूल दिसतात, त्यातला रेल्वेचा 1890 चा आहे. आई, जिना चढायची तुला घाई नाही, आपण हळूहळू जाऊ. बाबा, तुमचा चष्म्याचा नंबर तेवढा आधी तपासून घ्या, कोरीवकाम जवळून पाहायचंय.

तुमची,
मनू