माझी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल चालती ठेवणाऱ्यांचे जाहीर आभार

पहिले आभार कुंभार्ली घाटातल्या पिकअपवाल्या दादांचे. चिपळूणहून कराडला येताना भर पावसात क्लच वायर गेली. म्हणजे वायर शाबूत, लिव्हरकडचा निप्पल, म्हणजे टोकाला अडकवायची धातूची गोळी, तेवढी उडाली. दादांनी आपल्या गाडीच्या वायरिंगमधला एक जुना कनेक्टर काढला, पक्कडीने वरचं प्लॅस्टिक फोडलं आणि आतलं पितळेचं नळकांडं वायरच्या टोकावर चढवून स्क्रू आवळला. लिव्हरच्या खोबणीत बसेना, तेव्हा कानशीने घासलं. झाला निप्पल तयार! सोबतच्या ताई छत्री धरून उभ्या होत्या, आमच्यावर नव्हे, उघड्या टूलकिटवर. पैशांचं नाव काढू दिलं नाही.

आरएक्स १०० ही गाडी १९९६ नंतर बनलीच नाही, त्यामुळे आधी माणसं शोधावी लागतात, मग पार्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात ओरिजिनल साइड पॅनल माझ्यासाठी बाजूला ठेवणाऱ्या काकांचे आभार. भाव मात्र तुम्ही सोडला नाहीत!

सायलेन्सर कापून द्यायला साफ नकार देणाऱ्या मिस्त्रींचेही आभार. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक इंजिनमध्ये सायलेन्सरच्या आकारावरही ताकद ठरते. त्यातून परतणारी दाबाची लाट पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण इंजिनाबाहेर निसटू देत नाही, हे त्यांनी खडूने फरशीवर काढून दाखवलं. नुसत्या आवाजासाठी कापणाऱ्यांनी तो धडा घ्यावाच.

आणि टाकीवर हाताने पट्टे ओढणारे पेंटर भाऊ, तुमचे राहिलेले पैसे द्यायचे आहेत. दुकान बंद दिसतंय, एक फोन करा.