गुलमर्गच्या उतारावरच्या त्या दोघांना

आम्ही रावेरचे, केळीच्या बागांतले. उन्हाळ्यात पारा 45च्या घरात जातो तिथले. आमच्या लेकीने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो गुलमर्गला, सुमारे 2,650 मीटर उंचीवर. स्कीइंग शिकताना चौथ्या दिवशी ती पडली, गुडघा मुरगळला, उठता येईना. वरून माणसं सुसाट येत होती.

तेव्हा तुम्ही थांबलात. दादा, तुम्ही स्वतःच्या स्की काढून तिच्यापासून थोड्या अंतरावर, उताराच्या वरच्या बाजूला, बर्फात फुलीसारख्या रोवल्या, म्हणजे येणाऱ्याला लांबूनच कळावं. ताई, तुम्ही आपलं जाकीट तिच्याखाली घातलंत आणि स्ट्रेचर येईपर्यंत तिचा हात सोडला नाहीत. खालच्याला सांभाळायची जबाबदारी वरून येणाऱ्याची, अपघात दिसला की मदत करायची, हे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या 10 नियमांत आहे. पण त्या थंडीत अंगातलं जाकीट काढून देणं कुठल्याच नियमात नाही हो!

घाईत नावं विचारायची राहिली, ती रुखरुख अजून आहे. लेक आता नीट चालते, जिनाही चढते. तुमचे मनापासून आभार. हिवाळ्यात आमच्याकडे या. मळ्यात काड्यांवर वांगी भाजू, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पोटभर खाऊ घालू.