घड्याला कुंभार हवाच, पण जगाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला सृष्टिकर्त्यावरचा लेख वाचला. घडा आहे म्हणजे कुंभार असणारच, तसा जगालाही कर्ता हवा, हा युक्तिवाद न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी मांडला. तो लेखकाने पुन्हा मांडला याबद्दल तक्रार नाही. पण 'कर्ता नाकारणे हे पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ' हे वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही.

आम्ही जैन. 1974 साली मी आठवीत होतो. गुरुजींनी विचारले, जग कोणी निर्माण केले? आज्जीने शिकवले होते तेच मी सांगितले, "कुणीच नाही, ते अनादी आहे." तास संपेपर्यंत त्यांनी मला बाकावर उभे केले आणि वर्गाला सांगितले, "ह्यांच्या घरात देव मानत नाहीत." माझे वडील रोज पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेक करून मगच शेतावर जायचे. तरी मॅट्रिक होईपर्यंत पोरे मला 'नास्तिक' म्हणूनच हाक मारायची.

तेव्हा मला उत्तर सुचले नाही, पण ते नवव्या शतकातच देऊन झाले होते. राष्ट्रकूटांच्या काळात जैन आचार्य जिनसेनांनी आपल्या महापुराणात विचारले आहे: कर्ता कृतार्थ असेल, त्याला काही मिळवायचे उरले नसेल, तर जग निर्मावे अशी इच्छा त्याला होईलच कशी? आणि कृतार्थ नसेल, तर कुंभाराप्रमाणे तोही विश्व घडवायला असमर्थच. घड्याचाच दाखला, पण उलट बाजूने! निर्मिती ही केवळ लीला आहे, हे वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांचे उत्तर मला ठाऊक आहे. लेखकाने ते देऊन वाद घातला असता तर मी आनंदाने वाचला असता. वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनीही सृष्टिकर्ता मानला नाही. त्यांनाही पाश्चात्त्यांनीच शिकवले काय?

कर्ता असणे तर्काला धरून आहे की नाही, यावर खुशाल वाद व्हावा. पण तो वाद आमच्याच मातीतला आहे आणि त्यात आमची बाजूही आहे, एवढे तरी छापा.

जाता जाता: गेल्या महावीर जयंतीला आपण फोटोखाली 'जगन्निर्माते भगवान महावीर' असे छापले होते. मी दोन पत्रे पाठवली. ना दुरुस्ती आली, ना उत्तर. येत्या चैत्रात तरी तो शब्द वगळावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जयसिंगपूर