कॉफी घरी भाजा, पण ड्रम कशाचा हे आधी पाहा

प्रति,
संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुण्यात वाढत चाललेल्या कॉफीच्या आवडीविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी आवडीने वाचला. घरी कच्च्या बिया आणून त्या स्वतः भाजणाऱ्यांची दखल मराठी वृत्तपत्राने घेतली, याचा आनंद झाला. मात्र लेखासोबतच्या चौकटीत भाजणीचे यंत्र घरी कसे करावे हे सांगताना ‘कोणताही पत्र्याचा डबा चालेल, तेलाचा रिकामा डबा असल्यास उत्तम’ असे वाक्य छापले गेले आहे. हे वाक्य चुकीचे आहे, आणि ते वाचून कोणी खरोखर कामाला लागले तर त्याच्या प्रकृतीला अपाय होऊ शकतो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर भोसरीत लेथचे छोटे वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या भाच्याच्या मदतीने घरच्या गच्चीवर कॉफी भाजण्याचे यंत्र तयार केले आणि गेली काही वर्षे घरातली सर्व कॉफी त्यातच भाजते. आमच्या पिढीतल्या बहुतेक मराठी घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ लावलेली, पाहुण्यांसाठी किंवा परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी केलेली. तिची पूड डब्यातून येई आणि ती कधी भाजली, कोणी भाजली, हा प्रश्न कोणाला पडत नसे. वास्तविक भाजणी हा शब्द आपल्या स्वयंपाकघराचा आहे. थालीपिठाची किंवा चकलीची भाजणी करताना प्रत्येक धान्य वेगळे, मंद आचेवर, हात न थांबवता भाजावे लागते आणि रंगापेक्षा वासावर भरवसा ठेवावा लागतो, हे ज्या घरांत ठाऊक आहे, त्या घरांना कॉफीची भाजणी परकी वाटण्याचे कारण नाही.

आमचा पहिला प्रयत्न मात्र फसला आणि तो नेमका पत्र्यामुळे फसला. बाजारातल्या एका दुकानात मी स्टीलचा पत्रा मागितला. मिळालेला पत्रा चकचकीत होता, दुकानदाराने तो स्टीलचाच असल्याचे सांगितले आणि मी त्याच्या शब्दावर विसंबले. त्याचा गोल ड्रम वळवून, टोकांना झाकणे लावून आम्ही तो शेगडीवर रिकामाच तापवायला ठेवला. दहा मिनिटांत ज्योतीच्या बाजूचा भाग मळकट पिवळसर दिसू लागला, आणि गार झाल्यावर त्यावर बोट फिरवले तर बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागली. भाचा शेजारीच होता. तो म्हणाला, “मावशी, हा जीआय पत्रा आहे गं. असला पत्रा वेल्डिंगला आला की आम्ही तोंड बांधून, दारं उघडी टाकून काम करतो.” मी उरलेल्या तुकड्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला. तो क्षणात फसफसला. ते जस्त होते.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. पाण्याच्या बादल्या, कूलरच्या टाक्या आणि छपरे यांसाठी तो योग्यच आहे, कारण जस्त लोखंडाला गंजू देत नाही. परंतु जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते, आणि गॅसच्या ज्योतीवर थेट असलेला पातळ पत्रा तेवढा सहज तापतो. मग जस्ताचे पांढरे ऑक्साइड तयार होते. त्याचा धूर श्वासात गेला की थंडी वाजून ताप येतो, हे वेल्डिंग करणाऱ्यांना अनुभवाने माहीत असते. शिवाय ड्रममध्ये बिया सतत पत्र्यावर घासत फिरत असतात, त्यामुळे सुटलेली भुकटी त्यांनाच चिकटणार. तो ड्रम आम्ही त्याच संध्याकाळी भंगारात टाकला. एकही बी त्यात भाजली नाही.

आपल्या चौकटीत सुचवलेल्या तेलाच्या डब्याला जस्त नसते, पण कथलाचा, म्हणजे टिनचा, थर असतो, आणि कथील तर अवघ्या २३२ अंशांना वितळते. येथे कॉफीचे आकडे लक्षात घेतले पाहिजेत. बी साधारण १९६ ते २०० अंशांवर पहिल्यांदा फुटते, म्हणजे तडकून आवाज करते, आणि २२५ अंशांच्या आसपास दुसऱ्यांदा. म्हणजे बियांनाच कथलाच्या वितळणबिंदूजवळ न्यायचे असते, आणि ज्योतीला लागलेला पत्रा तर त्यांच्याहून बराच जास्त तापलेला असतो. याच कारणासाठी घरातले कल्हईचे पितळी पातेलेही या कामाला घेऊ नये. कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडवलेले असे एक जुने पातेले माझ्याकडे आहे, त्यात आमटी अप्रतिम होते. पण आमटीत पाणी असते, म्हणून तिचे तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि कल्हई शाबूत राहते. कोरड्या भाजणीत तिचे मणी होऊन ते बियांत मिसळतील, खालचे पितळ उघडे पडेल, आणि कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले नव्हते याची खात्री करण्याचे साधन घरी कोणाकडेच नसते. नॉनस्टिक भांड्याचा थर २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो, तेव्हा तेही वर्ज्य. नेहमीच्या शिसे-कथलाच्या सोल्डरचा डाग मारून केलेले जोड १८३ अंशांनाच सुटू लागतात, म्हणजे पहिली बी फुटण्याच्याही आधी.

मग ड्रम कशाचा करावा? स्टेनलेस स्टीलचा, आणि शक्य असल्यास ज्याला बाजारात एसएस ३०४ म्हणतात त्याचा. आमचा सध्याचा ड्रम म्हणजे चमचे ठेवायचे दोन जाळीचे स्टीलचे डबे तोंडाला तोंड लावून केलेला आहे. असे डबे तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत सहज मिळतात. घेताना त्यांच्या तळाला लोहचुंबक लावून पाहावे. चांगले ३०४ स्टील चुंबकाला जवळजवळ धरत नाही, जीआय पत्रा मात्र घट्ट धरतो. चुंबकाला धरणारी प्रत्येक वस्तू जीआयच असते असे नाही, पण जी धरत नाही ती जीआय नाही, एवढे निश्चित. जाळीची भोके बियांपेक्षा लहान असावीत. दोन्ही डबे आम्ही आर्गन वेल्डिंगने जोडले. ज्यांना ती सोय नाही त्यांनी स्टीलचे नट-बोल्ट वापरावेत.

आत तीन पाती लावली आहेत. ती सरळ लावली होती तेव्हा सगळ्या बिया ड्रमच्या एका टोकाला जमत आणि तिथल्या करपून दुसऱ्या टोकाच्या कच्च्या राहत. आता दोन पाती एका दिशेने आणि एक उलट दिशेने कलती आहे, त्यामुळे बी पुढे जाऊन परत मागे येते. ड्रम फिरवायला जुन्या बाजारातून आणलेली मोटारीची वायपर मोटर आहे. ती १२ व्होल्टवर चालते, मिनिटाला पंचेचाळीस-पन्नास फेरे देते आणि तिच्यासाठी लागणारा ५ अँपिअरचा अडॅप्टर तपकीर गल्लीत मिळाला. ड्रमची उष्णता शाफ्टमधून मोटरकडे जाऊन तिच्यातले प्लॅस्टिकचे चाक मऊ पडू नये म्हणून दोहोंच्या मध्ये सागाच्या लाकडाचा जोड दिला आहे. शाफ्ट पितळी बुशात फिरतो. बॉल बेअरिंग घेतले नाही, कारण त्यातले ग्रीस जळते आणि त्याचा वास थेट कॉफीला लागतो. मोटरच्या विरुद्ध बाजूचा शाफ्ट पोकळ नळीचा आहे. त्यातून थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार आत नेऊन तिचे टोक पात्यांना लागणार नाही इतपत खाली बियांत वाकवले आहे आणि दुसरे टोक मल्टिमीटरला जोडले आहे. ही तार पूर्वी मी ड्रमच्या बाहेर ठेवत असे, तेव्हा आकडा आतल्या हवेचाही नसे आणि बियांचाही नसे.

एका वेळी मी २०० ग्रॅम बिया घालते. आरंभी ओल्या गवतासारखा वास येतो, कारण कच्च्या बीत दहा ते बारा टक्के ओलावा असतो आणि तो आधी बाहेर पडावा लागतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला बिया हळदीसारख्या पिवळ्या होतात आणि वास बदलून तव्यावरच्या भाकरीच्या जवळ जातो. पुढे तपकिरी रंग चढतो, साल सुटून उडू लागते, आणि नवव्या-दहाव्या मिनिटाला पहिला आवाज येतो. हा आवाज मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा, एकेक सुटा आणि ठसठशीत असतो. येथून बी स्वतःच उष्णता बाहेर टाकू लागते, म्हणून मी याच वेळी आच कमी करते. दुसरा आवाज फोडणीतल्या मोहरीसारखा बारीक आणि भराभर येतो. दूध घालून प्यायच्या फिल्टर कॉफीसाठी मी हा दुसरा आवाज सुरू होण्याच्या जरा आधी गॅस बंद करते. मोहरी सर्वत्र तडतडू लागेपर्यंत थांबलात तर बियांवर तेल येते आणि कडूपणाशिवाय फारसे काही उरत नाही.

गॅस बंद केला तरी भाजणी थांबत नाही, कारण बीच्या आत उष्णता शिल्लक असते. तीन-चार मिनिटांत बिया गार करण्यासाठी अनेकांनी पंखे बसवलेली खटपटीची यंत्रे केली आहेत. मला आईच्या सुपाची आठवण झाली. सुपात बिया पाखडल्या की त्या गारही होतात आणि फोलपटेही उडून जातात. दोनशे ग्रॅमचे सुमारे १७० ग्रॅम उरतात, मात्र बी फुगून आकाराने मोठी झालेली असते. भाजलेली बी पुढे काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहते, म्हणून ती लगेच हवाबंद बरणीत कोंडू नये आणि दोन-तीन दिवसांनीच दळावी.

फोलपटांविषयी मात्र नीट बजावले पाहिजे. ती कागदाहून पातळ आणि पूर्ण कोरडी असतात, जाळीतून गळून बर्नरभोवतीच्या ताटात साचतात आणि ठिणगी लागताच पेटतात. दुसऱ्या घाण्याच्या वेळी ताट साफ न केल्यामुळे एकदा आमच्याकडे वीतभर ज्वाळा उठली होती. मी गॅस बंद केला, मोटर चालू ठेवली आणि ताटावर स्टीलचे मोठे झाकण उपडे घातले. हवा तुटताच ज्वाळा विझली. तेव्हापासून प्रत्येक घाण्याआधी ताट झाडते, झाकण हाताशी ठेवते आणि भाजणी चालू असताना फोन किंवा दारावरची घंटा वाजली तरी जागेवरून उठत नाही. धूरही बराच होतो, त्यामुळे बंद स्वयंपाकघरात हे काम करू नये. गच्चीवर करताना वाऱ्याच्या बाजूला आडोसा करावा, अन्यथा ज्योत हलत राहते आणि दोन घाणे कधी सारखे होत नाहीत.

कच्च्या बिया मिळणे आता अवघड राहिलेले नाही. केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाच्या जुन्या व्यवस्थेत बागायतदाराला आपली कॉफी बोर्डाच्या साठ्यातच जमा करावी लागे. नव्वदच्या दशकात ते बंधन टप्प्याटप्प्याने सुटले आणि १९९६ पासून तो आपला माल स्वतः विकू शकतो, म्हणूनच चिकमगळूरच्या बागेतले पाच किलोचे पोते आज पुण्याच्या पत्त्यावर येऊ शकते. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, हे अनेक पुणेकरांना माहीत नसते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ‘प्लँटेशन’ म्हणून विकली जाणारी, गर धुऊन काढलेली अरेबिका जातीची कॉफी घ्यावी, कारण फळासकट वाळवलेल्या ‘चेरी’ प्रकारात फोलपटे फार निघतात. कच्ची बी कोरड्या, बंद डब्यात कित्येक महिने टिकते, भाजलेली काही आठवडे आणि दळलेली त्याहूनही कमी. बाजारातल्या कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे. उरलेला भाग चिकोरीचा, म्हणजे एका झाडाच्या भाजून दळलेल्या मुळाचा, असू शकतो. ज्यांना चिकोरी आवडते त्यांनी ती जरूर घालावी, पण ती किती घालायची हे घरी भाजणाऱ्याला स्वतः ठरवता येते.

माझी आपल्याला विनंती आहे की ‘कोणताही पत्र्याचा डबा चालेल’ या वाक्याची दुरुस्ती करावी आणि जस्ताचा मुलामा, कथलाचा थर, कल्हई, नॉनस्टिक व सोल्डर या पाचही गोष्टी वर्ज्य असल्याचे स्पष्ट छापावे. ही दुरुस्ती पत्रांच्या सदरात न देता रविवारच्या पुरवणीतच, त्याच पानावर, चौकटीत द्यावी. ज्यांनी ती चौकट कात्रीने कापून वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवली असेल, ते पत्रांचे सदर उघडतीलच असे नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे ३०