आई, मी सोशल वर्कला का जाणार ते सांगते

लेस्टर, रविवार

आई, अण्णा, दादा, वहिनी,

परवा व्हिडिओ कॉलवर बोलणं अर्धवटच राहिलं. आई तू रडायला लागलीस, दादानं फोन घेतला आणि नंतर बघू म्हणून ठेवला, म्हणून आज सुट्टी आहे तर सगळं लिहूनच काढतेय. वहिनी, अण्णांना बारीक अक्षर दिसत नाही, तू वाचून दाखव. सप्टेंबरपासून मी सोशल वर्कचं एम.ए. करणार हे पक्कं आहे. केअर होममधली नोकरी चांगली आहे, पगार वेळेत होतो, सीनियर करतो म्हणालेत, सगळं खरं, तरीपण जाणार.

आई, तुझं म्हणणं काय तर समाजसेवा पोट भरलेल्यांनी करावी, आपण कशाला. पण इकडं ही नोकरी आहे गं. नावापुढं सोशल वर्कर लावायचं तर सोशल वर्क इंग्लंड म्हणून इथली संस्था आहे तिच्याकडं नोंदणी लागते, नोंदणी नसताना लावलं तर गुन्हा होतो. शिकतानाच 200 दिवस प्रत्यक्ष कामावर काढायला लागतात. म्हणजे तू समजतेस तसं झोळी घेऊन फिरणं नाही. पण मला हे पगारासाठी करायचं नाही, कारण आपल्या निपाणीच्या गल्लीतलंच आहे, आणि ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, फक्त आपल्या घरात त्यावर कधी कोण बोललं नाही.

जोगतीण मावशी, लहानपणीच यल्लम्माला सोडलेली, म्हणजे देवदासी. मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन दारात आली की तू पदर घेऊन पीठ-मीठ वाढायचीस, कपाळाला भंडारा लावून घ्यायचीस. गल्लीत लग्न असलं की हिला पहिलं बोलावणं, कारण देवाशी लग्न लागलेली, तिला रांडपण नाही म्हणे. आणि तिच्या पोरीला मात्र कोणी हळदीला हात लावू दिला नाही. एकाच गल्लीत, एकाच मांडवात आईच्या पाया पडायचं आणि लेकीला मागं बसवायचं, हे मला लहानपणी कळायचं नाही आणि आता जेवढं कळतंय तेवढा जास्त राग येतो.

मावशीच्या डोक्यात लहानपणी जट आली. जट येते कशी तर केस धुतले नाहीत, विंचरले नाहीत की तेल-धूळ साचून गुंता होतो, मग देवीचं बोलावणं आलं म्हणायचं, फणी लावायला बंदी करायची, वर भंडारा लावायचा, मग ती वाढत जाणारच की! तेवढ्यावरनं तिला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नेऊन गळ्यात मोती बांधले, म्हणजे देवीला सोडलं. घरात पोरं जास्त, जमीन काहीच नाही, जात खालची. वरच्या घरातल्या पोरीच्या डोक्यात गुंता झाला तर तिला न्हाव्याकडं नेतात, डोंगरावर कोणी नेत नाही. बांधलेल्या बहुतेक बायका दलितांच्याच घरातल्या, हा काय देवीनं केलेला हिशेब नाही. आई, तू डोंगरावर जातेस त्याला माझं काही म्हणणं नाही, तुझी भक्ती तुझी. मी माणसांनी काय केलं ते सांगतेय.

मी नववीत असताना ती संस्थेतली बाई आलेली आठवते का, खांद्याला कापडी पिशवी, एसटीतनं उतरून थेट मावशीच्या कट्ट्यावर बसली होती? गल्लीतली सगळी जमली, आता ही भाषण ठोकणार म्हणून. तिनं एवढंच विचारलं, मान दुखती काय हो? मावशी गप्प. मग म्हणाली, दुखती, उजव्या कुशीवर झोपताच येत नाही, उवा होतात, पावसाळ्यात आठ-आठ दिवस ओली राहती, वास मारती. इतक्या वर्षांत सगळ्यांनी तिला देवी काय म्हणती ते विचारलं होतं, मानेचं कोणी विचारलं नव्हतं. त्या बाईनं जट कापायचा विषय त्या दिवशी काढलासुद्धा नाही. परत आली, परत आली, चहा पिऊन गेली. शेवटी मावशीच म्हणाली काप. मी तिथंच बसलेली. कात्री चालेना एवढी घट्ट, थोडी थोडी कापायला लागली, खालची कातडी पांढरी पडलेली, फोड आलेले, मावशी डोळे मिटून उदं गं आई उदं म्हणतेय आणि ती बाई मध्येमध्ये थांबून पाणी देतेय. कोप होईल, घरात कोणीतरी जाईल म्हणून पुढची पुनव होईपर्यंत मावशीला झोप नव्हती. काही झालं नाही. मला त्या दिवशी वाटलं, हे काम मला आलं पाहिजे. तेव्हा त्याला काय म्हणतात हेही माहीत नव्हतं.

दादा तू म्हणालास कायदा आहे, सरकार बघतंय. पोरी देवाला सोडायच्या नाहीत असा कायदा 1934 लाच झाला, आपलं बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मग कर्नाटकानं 1982 चा केला, महाराष्ट्रानं 2005 चा. झालं काय, तर सोडायचं उघड होतं ते लपून व्हायला लागलं. आणि ज्यांना आधीच सोडलेलं त्यांचं काय? कर्नाटकात 1993-94 आणि 2007-08 असे देवदासींचे दोन सर्व्हे झाले, दोन्हीत मिळून 46,660 बायकांची नोंद. त्या यादीत नाव असेल तर पेन्शन, घराची योजना. मावशीचं नाव नाही. पहिल्या सर्व्हेला ती सांगलीला होती पोटासाठी, दुसऱ्या वेळी दारात माणसं आली तर लाजेनं आणि पोलिसाच्या भीतीनं नाही म्हणाली, लेकीच्या लग्नाचं बघायचं होतं ना. म्हणजे जिला लाज जास्त तीच यादीतनं बाहेर. वर फॉर्म कन्नडमध्ये, तिला मराठीसुद्धा वाचता येत नाही, कचेरीत कोण विचारतच नाही काय पाहिजे म्हणून. तिथं शेजारी बसून फॉर्म भरणारं, साहेबाला कन्नडमध्ये सांगणारं माणूस पाहिजे आणि ते रोज पाहिजे, वर्षातनं एकदा साडी वाटायला येणारं नको.

तिच्या लेकीचं तर तुम्हाला माहितीच आहे. शाळेत वडिलांचं नाव म्हणून सर भर वर्गात विचारायचे, मावशीनं शेवटी मामाचं नाव लावलं, मग जातीच्या दाखल्याला ते जुळेना, दोन वर्षं स्कॉलरशिप बुडाली. तरी पोरगी नर्स झाली, आणि 2016 च्या शेवटी पासपोर्टला आई-बाप दोघांपैकी एकाचंच नाव चालतं असा नियम आला, तेव्हा तिनं फक्त आईचं नाव लावून पासपोर्ट काढला. मला फोटो पाठवला होता. मावशीचं नाव छापलेलं बघून मला रडूच आलं.

आणि अण्णा, तुम्ही आता जिथं राहताय त्या गडहिंग्लजला 1975 साली देवदासींची परिषद झाली होती, बाबा आढावांच्या पुढाकारानं. घटप्रभेला मास म्हणून संस्था आहे, 1997 पासूनची, ती पूर्वी देवदासी असलेल्या बायकाच चालवतात. म्हणजे मी काय नवीन खूळ काढलेलं नाही, आपल्याच भागात लोकांनी आयुष्यं घातलीत यात. मला तिथंच परत यायचं आहे शिकून. इथलं डोळे झाकून तिथं चालणार नाही हे मला कळतं, पण इथं केस कशी लिहायची, कुटुंबाशी कसं बोलायचं, साहेबाकडून लेखी उत्तर कसं घ्यायचं हे पद्धतशीर शिकवतात आणि ते मला पाहिजे.

लग्नाचं म्हणशील तर आई, असलं काम करणारी नको म्हणणारं घर मलाही नकोच.

फीचं मी बघते, साठवलेत, थोडं लोन काढीन, तुमच्याकडं मागणार नाही. फक्त दादा एक काम कर. निपाणीला घराचं भाडं आणायला जातोस तेव्हा मावशीकडं जाऊन आधार आणि रेशनकार्डचे फोटो काढून पाठव, आणि तिच्या मोत्यांचा पण एक, तिला विचारून. मी मासमधल्या बाईंशी फोनवर बोललेय, यादीत नसलेल्यांचे अर्ज त्या घेऊन ठेवतायत. वहिनी तू पण जा बरोबर, ती दादासमोर मोकळं बोलणार नाही.

अण्णा, गुडघ्याला एक्सरे काढला का ते कळवा.

तुमची,
छोटी