शिबिराच्या दारातला वजनकाटा आत ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र किंवा ८ मार्च जवळ आला की वस्त्यावस्त्यांत महिलांची आरोग्य शिबिरे लागतात. २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ अभियान सुरू झाले, त्यानंतर तर गावोगाव. तपासणी व्हायलाच हवी. पण आता अशा शिबिरांच्या जोडीला ‘तीन महिन्यांत वजन घटवा’ छापाचे वर्ग आणि स्पर्धा आल्या आहेत. दारातच काटा, आकडा मोठ्याने वाचणारी स्वयंसेविका आणि मागे रांगेत शेजारणी. ज्यांना वर्गाची सर्वांत जास्त गरज, त्याच दुसऱ्या आठवड्यापासून येत नाहीत. बचत गट, मंडळे आणि नगरसेवकांच्या कार्यालयांतून असे वर्ग घेणाऱ्यांसाठी हे पत्र आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या २३.४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या, २०.८ टक्के कमी वजनाच्या आणि ५४.२ टक्के रक्तक्षय असलेल्या आढळल्या. म्हणजे एकाच सतरंजीवर तिन्ही प्रकारच्या बसलेल्या असतात, आणि अंगाने भरलेल्या बाईलाही रक्तक्षय असू शकतो. सगळ्यांना मिळून ‘जेवण कमी करा’ सांगितले की आधीच शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातली डाळ-भाजी आणखी घटते. उलट बाजूही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. मधुमेहाकडे नेणारी ही चरबी काट्याला दिसत नाही. काट्यावर ‘छान’ ठरलेल्या सडपातळ बाईची शुगर तपासायची राहते, ती यामुळेच.

कॅलिफोर्नियात ७८ स्थूल महिलांवर झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. डाएट करणाऱ्या गटातल्या ४१ टक्के बायका सहा महिन्यांतच गळाल्या. वजनाचे उद्दिष्ट न ठेवता खाणे, हालचाल आणि स्वतःविषयीची लाज यांवर काम केलेल्या गटातल्या फक्त ८ टक्के. दोन वर्षांनी डाएटवाल्यांचे उतरलेले वजन परत आले होते. दुसऱ्या गटाचे वजन होते तेवढेच राहिले, पण रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलेले टिकले. अभ्यास लहान आहे आणि तिथल्या बायका आपल्या नव्हेत, तरी गळतीचा आकडा आपल्याकडच्या आयोजकांनी भिंतीवर लावावा असा आहे.

आता प्रत्यक्ष वर्गाबद्दल. पंधरा ते अठरा जणी, आठवड्यातून एकदा दीड तास, दहा ते बारा आठवडे. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे भांडी आवरल्यानंतर आणि मुले शाळेतून येण्याआधी. जिथे नळाला पाणी दुपारी येते तिथे ही वेळ चालणार नाही, आधी विचारून घ्यावे. जागा तळमजल्यावर, स्वच्छतागृह असलेली आणि खिडकीत टवाळ पोरे उभी राहणार नाहीत अशी. हात नसलेल्या भक्कम खुर्च्या हव्यात, कारण हाताच्या खुर्चीत रुंद बाई अडकते आणि पुन्हा येत नाही. गुडघे दुखणाऱ्या बायकांना सतरंजीवर बसवून व्यायाम घेणे तर निव्वळ अविचार. बसणे जमते, उठणे जमत नाही.

पहिल्या दिवशी मोजायचे ते रक्तदाब, हिमोग्लोबिन, शुगर आणि पायांची ताकद. रक्तदाबात सर्वांत जास्त चुका होतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, आणि या पाच मिनिटांत गप्पाही नकोत. दंड हृदयाच्या उंचीवर टेकवावा. घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवली की तीच दंडाला आवळते, म्हणून सैल बाहीचे कपडे घालून या असा निरोप आदल्या दिवशीच द्यावा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. तोच जाड दंडाला कसाबसा गुंडाळला तर वरचा आकडा ५ ते २० अंकांनी जास्त दिसू शकतो. मग बाईला नसलेले बीपी चिकटते आणि दोष वजनाला जातो. २२ ते ४२ सेंमीचा पट्टा वेगळा मिळतो, तो पेटीत हवाच. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. १४०/९० किंवा जास्त आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, तरी तेवढेच असेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात पाठवावे. १८०/११० च्या वर गेले तर त्याच दिवशी, सोबत कोणी तरी देऊन.

हिमोग्लोबिनसाठी बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसावा आणि बोट पिळू नये. पिळल्याने रक्तात पाणी मिसळून आकडा खोटाच कमी येतो. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ८ च्या खाली म्हणजे गंभीर. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर नीट शोषली जात नाही, मध्ये किमान तासभर जाऊ द्यावा.

पायांची ताकद खुर्चीवर मोजता येते. ४३ सेंमी उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. फरशीवर प्लास्टिकची खुर्ची सरकते, भिंत विसरू नये. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमले तर पाय कमजोर समजावेत. हा आकडा दर चार आठवड्यांनी घेतला की वाढताना दिसतो, आणि तो बायकांना मनापासून आवडतो.

व्यायामात उड्या नकोत. झुंबा सुरू झाला की पस्तिशीच्या पुढच्या बऱ्याच जणी कडेला जाऊन बसतात. कारण आळस नसतो, उडी मारली की लघवीचे थेंब गळतात. हे कोणी बोलत नाही, म्हणून प्रशिक्षिकेनेच पहिल्या आठवड्यात बोलावे. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करत असताना मात्र नाही. पुढे खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून दंड काढणे, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणे. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे, पण झिजलेल्या चपलेत नाही, टाच धरते.

आहारात कॅलरी मोजू नयेत, मिठाची पिशवी मोजावी. माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरले तर चौघांच्या घरात किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. लोणचे, पापड, फरसाण धरले तर त्याहूनही जास्त. शुगरची गोळी घेणाऱ्या बाईने उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावे, हेही इथेच सांगावे.

वजन कुठेच मोजू नये असे नाही. गरोदरपण, क्षयरोग, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार यांत ते लागतेच. तिथे बाईला विचारून, आडोशाला मोजावे. आशाताई आजारांचा धोका तपासायला भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये कमरेचा घेर आहे, तोही पडद्यामागे घेऊन लिहावा, वाचून दाखवू नये. कारण नसताना झालेली घट मात्र या पद्धतीत निसटू शकते. म्हणून दर महिन्याला विचारावे: ब्लाउज सैल झालेत का, बांगड्या मनगटावरून सरकतात का? उत्तर हो असेल तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, दवाखान्यात पाठवायचे.

शेवटची अडचण पैसे देणाऱ्यांची. देणगीदार कंपन्यांच्या अहवालात ‘एकूण किती किलो घटले’ असा रकाना असतो, आणि तो भरण्यासाठी पुन्हा काटा बाहेर निघतो. त्या जागी चार रकाने मागून घ्यावेत: दहाव्या आठवड्याला किती जणी हजर, किती जणींचा रक्तदाब १४०/९० च्या खाली, खुर्चीवरची उठबस किती वाढली, आणि दवाखान्यात पाठवलेल्यांपैकी किती जणी खरोखर पोहोचल्या. चौथा रकाना भरणे सर्वांत कठीण आहे, कारण त्यासाठी आशाताईंबरोबर दर आठवड्याला यादी ताडून पाहावी लागते. अंदाजपत्रकात या कामाचे पैसे वेगळे धरावेत. त्यांच्याकडून फुकट करून घेऊ नये.

आपली,
एक वाचक व सामुदायिक आरोग्य प्रशिक्षिका, सातारा