पांढऱ्या गुलबक्षीचं बी कोणाकडे आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आलाय, सोसायट्यांमधून कंपाउंड साफ करायची कामं निघालीत, म्हणून आत्ताच लिहितेय.

२५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा आमचे माळीबुवा गावी गेलेले, ते तिकडेच अडकले. त्यामुळे भिंतीच्या कडेला दरवर्षी जे रान म्हणून उपटून टाकतात ते त्या वर्षी कोणी उपटलंच नाही, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर तिथे गुलबक्षी आली. जमिनीत जुने कंद असणारच. ऑगस्टपर्यंत कमरेएवढी झाली.

माझं लहानपण वाईला गेलं. मागच्या दारी मोरीचं पाणी जायचं तिथे ही माजलेली असायची. लाल, पिवळी, आणि आजीच्या हौसेची एक पांढरी. संध्याकाळी आम्ही पोरी फुलं खुडायचो आणि त्या लांब नळीसारख्या देठांचीच तीनपेडी वेणी घालायचो, दोरा लागायचाच नाही, एक देठ संपत आला की पुढचं फूल त्यात घालायचं. साडीचा गुलबक्षी रंग म्हणजे कुठला तेही आम्हाला आधी या फुलावरून कळलं. मग शहरात आले आणि ४० वर्षं या झाडाकडे बघितलं नाही.

लॉकडाऊनमध्ये मास्क लावून खाली चकरा मारायचो तेवढंच काय ते बाहेर पडणं, तेव्हा एका मळभाच्या दिवशी साडेचारच्या सुमाराला मी एका कळीसमोर उभीच राहिले. मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली असते ती, आधी तो पीळ सैल होतो, मग एकेक घडी सुटते आणि आतले केसर बाहेर येतात, गुंडाळलेले असतात ते हळूहळू सरळ होतात. वास लगेच येत नाही, अंधार पडायला लागला की येतो. मग लांब सोंडेचे मोठे पतंग येतात, फुलावर बसत नाहीत, समोर हवेतच थांबून सोंड आत घालतात. सकाळी ऊन चढेपर्यंत फूल परत मिटलेलं, आणि पुढे त्या हिरव्या वाटीत मिऱ्यासारखं काळं सुरकुतलेलं बी, एका फुलाला एकच. हे सगळं लहानपणी माझ्या नाकासमोर रोज होत होतं आणि मला माहीत नव्हतं!

आमच्या मजल्यावरच्या केरळच्या शेजारीणबाई म्हणाल्या की त्यांच्याकडे हिला नालुमणी म्हणतात, नालुमणी म्हणजे चार वाजता. मूळची मात्र ही ना वाईची ना केरळची, अमेरिका खंडातली. मी वाचायला लागले तर असं एकेक सापडत गेलं, ज्यांना मी पाकळ्या समजत होते त्या पाकळ्याच नाहीत, तो रंगीत निदलपुंज आहे, म्हणजे एरवी फुलाखाली हिरवं असतं ते बाहेरचं आवरण, आणि खालची हिरवी वाटी, जिला मी निदलपुंज समजले असते, ती वेगळीच पानं.

तेव्हा भाचीची ऑनलाइन बारावी चालू होती. बायोलॉजीच्या पुस्तकात मिराबिलिस जलापा म्हणून एक झाड होतं, लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की सगळी गुलाबी येतात, आणि त्या गुलाबींचा आपसात केला की एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं या प्रमाणात. कार्ल कोरेन्स म्हणून जर्मन शास्त्रज्ञ होते, १९०० साली मेंडेलचं आनुवंशिकतेवरचं विस्मरणात गेलेलं काम ज्या तिघांनी पुन्हा पुढे आणलं त्यातले एक, त्यांनी या झाडावर काम केलं. मी तिला व्हिडिओ कॉलवर खिडकीतून झाड दाखवलं, म्हटलं अगं हीच ती. ती पाठ करत होती, मी म्हटलं करूनच बघूया.

पण पुढच्याच वर्षी सोसायटीने कडेच्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक बसवले. मीटिंगमध्ये मी एकटीच नको म्हणत होते. चिखल होतो, साप येतात, पार्किंग पाहिजे, सगळं खरं असेल, पण भिंतीला लागून फूटभर माती सोडली असती तर कोणाची गाडी अडली नसती, आणि मुलांना संध्याकाळी एक कळी उमलताना बघता आली असती. याचं मला अजून वाईट वाटतं. ज्या सोसायट्यांमध्ये यंदा हे काम निघालंय त्यांनी प्लीज तेवढी फूटभर माती सोडा.

थोडं बी मी आधीच गोळा करून ठेवलं होतं, ते गॅलरीत कुंड्यांमध्ये छान आलंय. लाल आहे, पिवळी आहे, एकाच फुलावर दोन्ही रंगांचे फराटे असलेलीही आहे. पांढरी नाही. वाईचं घर विकलं तेव्हा मागचं अंगणही गेलं, आणि नर्सरीवाले म्हणतात गुलबक्षी कोण विकत घेतं बाई. भाची आता कॉलेजात आहे पण आमचा संकर राहिलाय तो राहिलाच. तुमच्या वाचकांपैकी कोणाच्या दारात निव्वळ पांढरी गुलबक्षी असेल तर तिचं थोडं बी वाळवून ठेवा आणि कृपया या पानावर कळवा, मी येऊन घेऊन जाईन, बदल्यात फराट्याच्या झाडाचं देईन.

एक वाचक, डोंबिवली